उमाच्या ताटातलं विष

डोहाळजेवणाला बायका जमतात. पण १९८९ च्या एप्रिलमध्ये, अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीत, विष्णुपंतांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला पुरुषही दाटीवाटीने उभे होते. त्यांतले कित्येकजण कंपनीतून हाफ डे टाकून आले होते. स्वतःच्या बायकोच्या डोहाळजेवणाला न फिरकलेले चिंतामणी तर सर्वांत पुढे, गुडघे दुमडून जमिनीवर बसले होते. कारण आज प्राणाचार्य धर्मराज ताटातलं विष काढून दाखवणार होते.

ताट उमाचं होतं. वरणभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, भाकरी, पुरणपोळी. समोर पाटावर हिरव्या साडीत, फुलांची वाडी घालून उमा बसली होती. सातवा महिना. "काय शोभतेय!" असं बायका म्हणत होत्या. मला शेजारी म्हणून एवढंच दिसलं, की तिचा चेहरा आणि तिच्या वाडीतला मोगरा यांचा रंग एकच होता.

प्राणाचार्यांनी खाली भगवं धोतर नेसलं होतं आणि वर डॉक्टरी पांढरा कोट घातला होता. म्हणजे श्रद्धा आणि विज्ञान दोघांचीही बसायची सोय झाली होती.

"मी बाबा नाही," ते म्हणाले. "मी सायंटिस्ट आहे. बिलीव्ह मत करो, टेस्ट करो! हे विषदर्शक द्रव्य. जिथे विष, तिथे काळं. सिंपल."

त्यांनी बाटलीतून तपकिरी द्रव्याचा थेंब भातावर टाकला. भात काळानिळा पडला. खोलीतून "अगं बाई!" असा आवाज उठला. बटाटा काळा. भाकरी काळी. पुरणपोळी काळी. दुधाच्या आणि तुपाच्या वाट्यांत थेंब टाकले, तर काहीच झालं नाही.

"दूध शुद्ध! तूप शुद्ध! धान्य मात्र मेलेलं. खतं, फवारे, तुमच्या नाल्याचं पाणी. आणि आता बघा अमृतबिंदू." त्यांनी एका पेल्यात भाताची पेज घेतली, विषदर्शकाने ती शाईसारखी काळी केली आणि दुसऱ्या बाटलीतून चार थेंब सोडले. पेज क्षणात होती तशी पांढरी झाली.

टाळ्या पडल्या. चिंतामणींनी डोळे पुसले.

तुम्ही म्हणाल, काय भोळी माणसं. मुळीच नाही. अंगारा घेऊन एखादा बाबा आला असता, तर आमच्या वॉचमननेच त्याला फाटकावरून परत पाठवलं असतं. आमच्याकडे राहतात ते रंगाच्या, औषधांच्या, रसायनांच्या कारखान्यांतले ऑफिसर. नाल्याचं पाणी आज निळं आलं की तांबडं, यावरून कुठल्या कंपनीत कुठला माल चालू आहे हे ते गॅलरीतून सांगतात. अशा गावात अन्नात विष आहे हे कुणाला पटवावं लागत नाही. आणि थेंब टाकला, रंग बदलला, की ही मंडळी मान डोलावतात, कारण दिवसभर तेच करून ती पोट भरतात. रंग जुळला, माल पास. विष्णुपंत तर एका रंगाच्या कारखान्यात माल तपासणीचे मुख्य साहेब. छटा किंचित हुकली म्हणून ट्रकच्या ट्रक परत पाठवणारा माणूस. धर्मराजांनी भाविक नाही गाठले. त्यांनी जाणकार गाठले.

दोन महिन्यांपूर्वी विष्णुपंतांनी ही चाचणी पहिल्यांदा चिंतामणींच्या घरी पाहिली आणि घरात सुधारणा सुरू झाली. उमाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. येणारं बाळ शुद्ध हवं. तेव्हा उमाचा भात बंद, भाकरी बंद, डाळी बंद, पालेभाज्या बंद. त्यांच्याऐवजी दूध आणि प्राणाचार्यांचं 'पूर्णान्न'. डब्यावर गव्हाची ओंबी आणि तिच्यामागे सूर्य. रोज तीन चमचे, कोमट पाण्यातून.

मग टाकलेल्या अन्नाचं काय करायचं? उमाच्या सासूबाई, माई, हात जोडून म्हणाल्या होत्या, "आमचं काय, आमचं झालंय. आम्ही खाऊ विष." त्याप्रमाणे माई, विष्णुपंत आणि उमाचा नवरा श्यामकांत हे तिघेही नातवंडासाठी दोन वेळा पोटभर विष खात होते. रविवारी विषाबरोबर श्रीखंड. उमा शेजारी बसून पूर्णान्न पीत असे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उमाला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की शौचाला काळं होतं. हे माईंनी प्राणाचार्यांना चोरट्या आवाजात सांगितलं, आणि प्राणाचार्यांनी ते सगळ्या सोसायटीला मोठ्या आवाजात सांगितलं. "काळं! म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. चिंतामणी ओरडले, "विष!" गोळ्या कचऱ्यात गेल्या.

तर डोहाळजेवणाच्या त्या ताटाकडे उमा टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "माई, एक घास भात मिळेल का? काळा पडलाय तोच. चालेल मला."

माई कावऱ्याबावऱ्या झाल्या. प्राणाचार्य मात्र हसले. "सूनबाई मागत नाहीत. आतलं विष मागतंय. विषाला विषाची भूक!"

"पण चक्कर येते हो मला. जिना चढवत नाही."

"येणारच! टॉक्सिन बाहेर पडतंय. चक्कर हे प्रगतीचं लक्षण आहे."

"किती प्रगती झाल्यावर माणूस मरतो?"

हा आवाज दारातून आला. विष्णुपंतांची लेक वृंदा चपला काढत होती. ती बदलापूरला दिलेली, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. परीक्षेचे पेपर संपवून ती आत्ता पोचली होती. दोन महिन्यांत भावजयीला तिने पाहिलं नव्हतं. ती सरळ उमाजवळ गेली आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग श्यामकांतकडे वळली.

"दादा, कागद बरा हिच्यापेक्षा. तू रोज हिच्या समोर बसून जेवतोस ना रे?"

श्यामकांत म्हणाला, "प्राणाचार्य म्हणतात, हा पांढरेपणा शुद्धीचा आहे."

"वृंदा, आधी चाचणी तरी बघ!" विष्णुपंत कडाडले.

"बघू." तिने विषदर्शकाची बाटली उचलली आणि नाकाशी धरली. मग ती बाटली वडिलांच्या नाकाखाली नेली. "बाबा, लहानपणी माझा गुडघा फुटला की तुम्ही याच वासाचं काहीतरी चोळायचात. काय ते?"

विष्णुपंतांनी बाटली बाजूला सारली. खोलीतल्या प्रत्येकाचा गुडघा कधी ना कधी फुटलेला होता.

"आयोडीन," वृंदाच म्हणाली. "पिष्टावर आयोडीन टाकलं की काळंनिळं होतं. भातात पिष्ट, बटाट्यात पिष्ट, भाकरीत पिष्ट. दुधातुपात नाही, म्हणून ती शुद्ध! हा प्रयोग मी दर वर्षी मुलांकडून करून घेते. बाबा, तुम्ही बी.एस्सी. केमिस्ट्री ना?"

"ते... नोकरीपुरतं," विष्णुपंत म्हणाले.

"आणि अमृतबिंदू?" चिंतामणी चिडून उठले. "विष नाहीसं झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

"काका, स्वयंपाकघरातून एक लिंबू आणा."

चिंतामणींनी लिंबू आणलं. वृंदाने वाटीत पेज घेतली, आयोडीनच्या दोन थेंबांनी काळी केली, लिंबू पिळून ढवळलं. पेज पांढरी झाली. "लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. अन्नातलं काहीही जात नाही, कारण त्यात विष नव्हतंच. ह्यांनी बाटलीत औषधाच्या दुकानातली क जीवनसत्त्वाची गोळी विरघळवली असणार. हवं तर आवळा आणा, त्यानेही होईल."

"ताई," प्राणाचार्य गोड आवाजात म्हणाले, "विज्ञान अर्धवट असलं ना, की—"

"पूर्ण करू." तिने फळीवरचा पूर्णान्नाचा डबा काढला. चमचाभर भुकटी बशीत घेतली आणि वडिलांपुढे धरली. "टाका थेंब."

विष्णुपंतांनी प्राणाचार्यांकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्या कंपनीत माल विकणाराच माल तपासतो आणि स्वतःच पास करतो का? इथे दोन महिने डबे येतायत. एकातला चमचाभर तरी तपासलात?"

त्यांनी थेंब टाकला. पूर्णान्न काळं पडलं. भातापेक्षा, बटाट्यापेक्षा काळं, अगदी बुटाच्या पॉलिशसारखं.

"साबुदाण्याचं पीठ असेल," वृंदा चिमूट चाखून म्हणाली. "साखर, वेलची. वाईट नाही. पण यात ना लोह, ना कस. माई, सातव्या महिन्यातल्या बाईला तुम्ही दोन महिने उपासाला बसवलंय, आणि तेही चमच्याने मोजून."

माईंनी तोंडाला पदर लावला. त्याच वेळी उमा उठायला गेली. ती ताटाकडे निघाली होती की आत, कुणालाच कळलं नाही. ती ताटावरच कोसळली. फुलं, भात, काळी पुरणपोळी, सगळं एक झालं.

धावपळीत प्राणाचार्य नाहीसे झाले. तेवढा चमत्कार मात्र खरा, कारण जिना एकच होता आणि आम्ही सगळे त्यावरच उभे होतो. पुढे कळलं, ते बदलापूरला शिरगावच्या नव्या सोसायट्यांकडे गेले. तिथेही पुष्कळ जाणकार राहायला आले होते.

उमाला रिक्षातून उल्हासनगरच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आकडा बघून दुसऱ्यांदा तपासलं. "हिमोग्लोबिन पाच! अकरा तरी हवं. अहो, हिच्या अंगात रक्त आहे कुठे? बाळाचीही वाढ खुंटलीय. घरी दुष्काळ पडलाय का?"

श्यामकांत भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाटीचा बारकाईने अभ्यास करत होता.

"आत्ताच्या आत्ता रक्त चढवावं लागेल. घरच्यांनी पुढे व्हा."

तिघांचं रक्त तपासलं. दोन महिने निष्ठेने विष खाल्लेल्या त्या तिघांचंही रक्त ठणठणीत निघालं. गट जुळला तो विष्णुपंतांचा. ते खाटेवर आडवे झाले आणि बाटलीत उतरणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे बघत राहिले. रंग त्यांना चांगला कळतो. गर्द लाल होता. भात, भाकरी, वरण आणि अळू यांचा.

"बाबा," शेजारी उभी राहून वृंदा म्हणाली, "हा माल पास?"

ते भिंतीकडे तोंड करून रडले. तिने त्यांना रडू दिलं.

उमा वाचली. मुलगी झाली, वेळेआधी आणि मूठभर. काचेच्या पेटीत कितीतरी दिवस होती. जगली. ती जगली नसती, तर ही गोष्ट मी लिहिली नसती आणि तुम्ही ती हसत वाचली नसती. पण अशा सगळ्याच मुली जगत नाहीत. ज्या जगत नाहीत त्यांच्यासाठी कुणी पांढरा कोटवाला जबाबदार धरला जात नाही, नशीब धरलं जातं.

म्हणून सांगतो. शक्तीच्या गोळ्या आणि भुकट्या साऱ्याच लबाड नसतात. डॉक्टरीणबाईंच्या त्या लोहाच्या गोळ्या, ज्या कचऱ्यात गेल्या, त्याच उमाच्या खऱ्या कामाच्या होत्या. काय कमी आहे हे रक्त तपासून कळतं, ताट तपासून नाही. जे कमी असेल तेवढंच घ्यावं, आणि ते जेवणाबरोबर घ्यावं, जेवणाऐवजी नाही. जो माणूस तुम्हाला आधी घरच्या अन्नाची भीती घालतो आणि लगेच डबा पुढे करतो, त्याच्या सगळ्या चाचण्या त्याच्याच डब्यावर करायला सांगा. त्याने बाटली मागे ओढली, तर पाहुण्याला वाट दाखवा आणि घरातल्या पोटुशा बाईला पान वाढा.

सगळ्यांच्या आधी.