तीनदा विझलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. माझ्या अंगावर पोचे आहेत, काच एका बाजूने तडकली आहे आणि स्वभाव जरा मानी आहे. उजेडाची फुशारकी सगळेच कंदील मारतात. मी मात्र तुम्हाला माझ्या विझण्याची गोष्ट सांगणार आहे.

पत्र्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे विहिरींतला गाळ काढणाऱ्या एका माणसाने मला विकत आणले. त्यांना सगळे 'गाळवाले बाबा' म्हणत. मला वाटले, आता घरात मानाच्या खिळ्यावर टांगतील. कसले काय! पहिल्याच दिवशी बाबांनी मला दोरीला बांधले आणि एका पडीक विहिरीत हळूहळू खाली सोडले. निम्म्यावर पोचलो आणि माझी ज्योत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर गेल्यावर बोलणी बसणार, याची खात्रीच होती. पण बाबांनी माझ्या टोपणावर थाप मारली आणि म्हणाले, "शहाणा आहेस. आज कुणी खाली उतरायचं नाही."

यामागचे कारण ते प्रत्येक नव्या गड्याला समजावून सांगत. ऐकून ऐकून ते मलाही पाठ झाले. समजा, शंभर बादल्या कोरडी हवा मोजून घेतली, तर त्यातल्या अठ्ठ्याहत्तर बादल्या नायट्रोजनच्या आणि एकवीस ऑक्सिजनच्या निघतील. उरलेली एक बादली जवळजवळ सगळी आरगॉनची. हा आरगॉन भलताच शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कार्बन डायऑक्साइड तर जेमतेम तांब्याभर. शिवाय पाण्याची वाफ असते, कुठे कमी तर कुठे जास्त. माझी ज्योत काय आणि तुमचा श्वास काय, दोन्ही चालतात त्या एकवीस बादल्यांवर.

पूर्वी मला वाटे, सगळ्याच बादल्या ऑक्सिजनच्या असत्या तर काय बहार आली असती! पण मग माझी वात भडकून पाहता पाहता संपली असती आणि जिथे ठिणगी पडेल तिथे आग पसरली असती. नायट्रोजन आहे म्हणून आग आटोक्यात राहते. मातीतले काही जीवाणू त्याच नायट्रोजनचे झाडांसाठी खत करतात. त्या तांब्याभर कार्बन डायऑक्साइडमधून झाडे आपले अन्न बनवतात. तो आणि वाफ मिळून पृथ्वीची ऊबही धरून ठेवतात. मात्र तो तांब्याभराचा हंडाभर झाला की हीच ऊब डोईजड होते.

पडीक विहिरीत हा हिशेब बिघडतो. तळाशी पाने कुजतात, ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जड असतो आणि खाली वारा नसतो, म्हणून तो तिथेच ठाण मांडून बसतो. वरून पाहणाऱ्याला विहीर रिकामीच दिसते.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग बाबांचे गुडघे कुरकुरू लागले आणि काम त्यांच्या मुलाकडे आले. त्याने एक झगझगीत बॅटरी आणली. उतरण्याआधी दिवा सोडायची बाबांची रीत त्याने सोडली नाही, फक्त दिवा बदलला. मी सामानाच्या हातगाडीखाली लोंबकळत खडखड करू लागलो. मला फार वाईट वाटे. माझ्या टाकीत रॉकेल राहील एवढे मात्र बाबांची सून न चुकता पाही.

एके सकाळी ते दोघे नवरा-बायको एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आले. तिथली विहीर कित्येक वर्षे फळ्यांनी झाकलेली होती. फळ्या काढून मुलाने बॅटरी तळापर्यंत सोडली. ती खाली लखलखत होती.

"बघ, सगळं लख्ख आहे," असे म्हणत त्याने एक पाय कठड्याच्या आत टाकला.

सुनेच्या हातात त्याच्या कमरेचा दोर होता. तिने तो खांबाला करकचून बांधून टाकला. "थांबा. बॅटरीला कुठे श्वास घ्यावा लागतो? आधी कंदील सोडते."

"अगं, बाबांचं खूळ तुझ्याही डोक्यात शिरलं का?"

"शिरू दे. तुम्ही पाय बाहेर घ्या."

तिने मला पेटवून खाली सोडले. मुलगा कठड्यावर तसाच बसून राहिला, एक पाय आत, एक बाहेर. सहा हात गेलो आणि मी विझलो.

"काच तडकलीय त्याची. वाऱ्यानं गेला," मुलगा म्हणाला.

तिने मला वर घेतले, तडकलेल्या बाजूला ओली माती लिंपली आणि पुन्हा सोडले. मी सहाव्या हातावर पुन्हा विझलो. तिसऱ्यांदा तिने मला पाचव्या हातावर थांबवले. तिथे मी सरळ, स्थिर जळत राहिलो. मग तिने आणखी एक हात दोर सोडला. मी जीव खाऊन जळायचा प्रयत्न केला, मित्रांनो, खोटे का सांगू? पण गेलोच. माझ्या खाली बॅटरी मात्र हसत होती.

मुलाने खाली लखलखणाऱ्या बॅटरीकडे पाहिले. मग त्याने पाय बाहेर काढला. तो एवढेच म्हणाला, "मी उतरलो असतो गं." तिने मला वर ओढले आणि माझ्या गरम काचेला पदराने पुसले.

आता त्यांच्याकडे हवा मोजणारे यंत्र आहे, आणि ते हवेच. काही विषारी वायू मला ओळखू येत नाहीत आणि काही तर ज्योतीनेच भडकतात. तेव्हा माझी नक्कल कोणी करू नका, आणि बंद विहिरीत किंवा टाकीत कधीही उतरू नका. मी सध्या घरात, मानाच्या खिळ्यावर आहे.

काच पुसा, असा हट्ट मी आता धरत नाही. एकच मागणे आहे. तुम्ही आत्ता जिथे बसून हे वाचत आहात, तिथे मी सुखाने जळलो असतो. तिथली हवा तशीच ठेवा.