उतावळ्या माणसांचे नमुने सांभाळणारा फ्रीझर

मित्रांनो, शिरूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे अरुंद बोळ आहे. तिथे भिंतीकडे तोंड करून उभा असलेला पांढरा फ्रीझर म्हणजे मी.

माझ्या पोटात कधी आइस्क्रीम आलं नाही. प्रयोगशाळेत आलो त्या दिवसापासून उणे वीस अंशांवर गप्प उभं राहायचं, एवढंच माझं काम होतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या गौतमी मॅडमचं संशोधन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. काही माणसं विचार करण्याआधीच हात उगारतात, नोकरी सोडतात, तोंडाला येईल ते बोलतात. यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचा वाटा किती आणि शरीरातल्या संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, किती, हे त्यांना शोधायचं होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या दोनशे माणसांची लाळ आणि रक्त बारीक नळ्यांतून माझ्याकडे आलं. “हा आहे म्हणून माझं काम चाललंय,” असं मॅडम शिपाई पोपटमामांना सांगत. मला मिळालेलं कौतुक तेवढंच. बाकी सगळे दार उघडायचे, नळी ठेवायचे आणि घाईने निघून जायचे.

त्यातली एक नळी खुटबावच्या सत्यजीतची होती. तो रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. आधीच्या दोन नोकऱ्या त्याने रागाच्या भरात सोडल्या होत्या. त्याचे वडील हौसरावही तसेच. बांधावरून सख्ख्या भावाशी भांडले, ते मरेपर्यंत बोलले नाहीत. एके दिवशी जेवताना सत्यजीतने ताट भिरकावलं. ते भिंतीवर आपटून त्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या कपाळाला लागलं. तीन टाके पडले. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको तेजश्री मुलीला घेऊन दौंडला माहेरी गेली.

कंपनीतली पहिली पाळी सुटल्यावर तो थेट प्रयोगशाळेत आला आणि घडलेलं सगळं त्याने मॅडमना सांगितलं.

“मॅडम, हे माझ्या रक्तातच हाय ना? मग तसं कागदावर लिहून द्या. बायकोला दाखवतो.”

मॅडमनी त्याला बसवलं. रागाचा थोडा वारसा येत असेल, पण त्याचं एकच जनुक नसतं, अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, असं समजावलं. संप्रेरकं तर सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. झोप मोडली तरी बदलतात. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पण दादा, ताट तुमच्या हाताने फेकलंय. ते मला जनुकांच्या नावावर लिहिता येणार नाही.”

तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. सत्यजीत एकटा उरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझी पिन खसकन उपटली आणि तो निघून गेला.

माझी मोटर थांबली. मला हाक मारता येत नाही. दोनशे माणसांनी विश्वासाने दिलेलं पोटात घेऊन मी हळूहळू गारठा गमावत राहिलो.

वीसएक मिनिटांनी पावलं वाजली. सत्यजीत परत आला होता. त्याने पिन लावली आणि माझ्या दाराला पाठ टेकून खाली बसला. इतका वेळ माझ्याजवळ कुणीच कधी बसलं नव्हतं.

मॅडम आल्या तसा तो उठला. “पिन मी काढली व्हती. एसटी स्टँडपर्यंत गेलो, पुढं जाववंना.”

मॅडमनी तापमान पाहिलं. उणे चौदा. नळ्या वाचल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत.

“आज तुम्ही मधूनच मागे वळलात,” त्या म्हणाल्या. “दौंडला जाऊन ताईंना हे सांगा. कागद नको.”

पुढे तो दर रविवारी दौंडला जायचा, असं पोपटमामांकडून कळलं. तेजश्री पाऊण वर्ष त्याच्याशी दारातूनच बोलली. मग एकदा तिने त्याला आत बसायला सांगितलं. ती नांदायला परत आली का, हे मला ठाऊक नाही. तोवर संशोधन संपलं, नळ्या पुण्याला गेल्या, मॅडमची बदली झाली आणि मला या बोळात आणून ठेवलं. आता माझं दार कुणी उघडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी चटकन चिडत असेल, तर ‘बापावरच गेलाय’ म्हणून त्याला मोकळं सोडू नका. आणि एकटंही सोडू नका. उंबऱ्यातून मागे वळायला माणसाला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ दार उघडं ठेवा.