मास्तरांचा शब्द

धारच्या मास्तर तयार करण्याच्या वर्गात शेवटचा तास तर्कशास्त्राचा असे. शिकवीत अण्णा. भगवंताला त्या तासाला जांभया येत. एकदा त्याने विचारलेच, "अण्णा, पोरांकडून पाढे घोकून घ्यायला न्यायशास्त्र कशाला?"

"पाढा चुकलास तर पोरं हसतील," अण्णा म्हणाले. "पण कशावरून काय ठरवावं हे चुकलास, तर तुझ्या शब्दावर माणसं मरतील."

भगवंताला वाटले, म्हातारा जरा जास्तच बोलतो.

उन्हाळ्यात त्याला सरावासाठी नालछ्याच्या शाळेत धाडले. तिथले कृष्णाजी मास्तर जुन्या काळचे. अर्ज असो की मुहूर्त, गाव त्यांनाच विचारी. अशात पटकीची साथ आली. फत्तेसिंग पटेलाचे दोन मुलगे एका दिवसात गेले. तेव्हा कृष्णाजी पारावर उभे राहून म्हणाले, "सीता सुईण काल विहिरीवर गेली, आज माणसं मरताहेत. ती डाकीण आहे, याला आणखी काय पुरावा पाहिजे?"

लोकांनी सीतेला केस धरून विहिरीपाशी फरफटत आणले. पहिल्या दगडाने तिचा जबडा फुटला. ती काहीतरी सांगत होती, पण तोंडातून नुसते रक्त येत होते. भगवंताच्याही मुठीत दगड होता. कधी उचलला, त्याला कळले नाही. हात वर गेला आणि मनात आले, विहिरीवर तर काल सगळेच गेले होते. मीही गेलो होतो.

दगड टाकून तो गर्दीत घुसला. "कावळा बसला नि फांदी मोडली, म्हणून कावळ्याला मारता?"

"तो फिर मेरे छोरों को किसने मारा?" फत्तेसिंगाने विचारले.

"मला ठाऊक नाही."

मास्तराच्या तोंडून असले उत्तर गावाने कधी ऐकले नव्हते. फत्तेसिंगाची लाठी त्याच्या कोपरावर बसली, हाड कातडी फाडून बाहेर आले. तो सीतेवर आडवा पडला. लाठ्या दोघांवर पडत राहिल्या. त्याच्या अंगाखाली तिचा श्वास थांबला, तेव्हाच त्या थांबल्या.

पटकी थांबली नाही. कृष्णाजींची बायको गेली. त्या वेळी त्यांनी कुणाचे नाव घेतले नाही. शाळा सोडून ते निघून गेले.

धारच्या दवाखान्यात अण्णा उशाशी येऊन बसले.

"माझ्याही हातात दगड होता," भगवंत म्हणाला.

"टाकलास ना?"

"उशिरा."



वर्ग संपल्यावर भगवंताने नालछ्याचीच शाळा मागून घेतली. सोबत्यांनी वेड्यात काढले. पहिल्याच दिवशी फत्तेसिंग उरलेल्या मुलाला घेऊन आला. भगवंताच्या वाकड्या हाताकडे त्याला बघवेना. मुलाला आत बसवूनही तो दाराशीच घुटमळला.

"मास्टरजी, वो डाकन थी कि नहीं?"

"नव्हती."

"पक्का?"

"आत या. कशावरून म्हणतो, तेही ऐका."

फत्तेसिंग जोडे काढून पोरांच्या रांगेत जमिनीवर बसला.