मामाच्या नावाला पुरेल एवढी जागा

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, मी संगणकातला एक छोटा प्रोग्राम आहे आणि दुसऱ्या प्रोग्रामांची कामं करून देते. बेल्ह्यात हस्तीमलशेठचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. टाइप केलेल्या अक्षरांना छापण्याजोगं मराठी रूप देणं हे तिथलं माझं काम. ते रूप ठेवायला दुकानाचा प्रोग्राम मला मेमरीतली थोडी जागा देई. तिला बफर म्हणतात.

ही जागा शेजारणीकडून आणलेल्या पातेल्यासारखी असते. ती माझी नव्हे. म्हणून मी आधी विचारते, केवढी आहे? तेवढ्यातच भरते आणि काम झालं की तिला हात लावत नाही. माझ्याआधीची लायब्ररी काही विचारत नसे. जागा संपली तरी लिहीत सुटायची आणि शेजारचा मजकूर पुसायची. एका पत्रिकेत काकांच्या पदव्यांनी मामाचं नावच खाल्लं. मामा इतके रुसले की लग्नाला आलेच नाहीत. नवरीच्या मागे मामा नाही, म्हणजे केवढी नामुष्की!

दोन हजार एक साली आणे गावच्या साळुबाई लेकीच्या, स्नेहलच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आल्या. ती रुसव्याची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. त्या शेठच्या मुलाला, जिनेशला म्हणाल्या, "भाऊ, माझ्या भावाचं नाव पुरं यायला पायजे. लई मानी माणूस हाय."

नाव होतं, 'ह.भ.प. कुशाबा सावळेराम, माजी उपसरपंच, अध्यक्ष भजनी मंडळ, आणे'. मिळालेली जागा अपुरी होती आणि तिला लागूनच नवरदेवाचं नाव होतं. मी एक अक्षरही लिहिलं नाही. 'जागा कमी आहे, एवढी हवी,' असं स्पष्ट कळवलं.

हस्तीमलशेठ वैतागले. "आधीचीच बसव रे. ती कधी नाय म्हणत नव्हती."

जिनेश हसला. "पप्पा, तिनंच तर मामा गिळला व्हता. ही नाय म्हणते, तेच बरंय." दुकानाचा प्रोग्राम त्याचाच होता. त्याने तो बदलला. आता प्रोग्राम आधी मला विचारी, किती जागा लागेल? मग तेवढी देई.

दुसऱ्या दिवशी कच्ची प्रत पाहायला कुशाबा स्वतः आले. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत ते 'आणे'पर्यंत पोहोचले. साळुबाई शेजारीच उभ्या होत्या.

"बराबर हाय," ते म्हणाले. "अक्का, नवरीमागं मी उभा राहीन."

साळुबाईंनी पदराने डोळे पुसले. मला फार आनंद झाला, आणि अभिमानही वाटला.

आता तो संगणक कापडाखाली झाकून ठेवलाय. नव्या यंत्रांत माझ्या धाकट्या बहिणी काम करतात. मित्रांनो, उद्या तुम्ही त्यांना घडवाल, तेव्हा एवढं शिकवा: दुसऱ्याने विश्वासाने दिलेल्या जागेत हात घालण्याआधी तिची हद्द विचारा. मावत नसेल तर सरळ नाही म्हणा. हद्दीपलीकडे कुणाचं तरी नाव असतं.