रिकाम्या रस्त्याचा पाहुणचार

बाकिझिओला या सगळ्यातून मिळायची होती एक खुर्ची. वेताची, एका पायाने लंगडी, ओर्ताई गावात बहिणीच्या बारसमोर तुतीच्या झाडाखाली ठेवलेली. बेल्जियमहून आलेल्या वेर्लेबाईने जुना घाटरस्ता पसंत केला, की तिच्या सहल-कंपनीचे सायकलवाले दर वसंतात ओर्ताईला मुक्कामाला येणार आणि बहिणीच्या, मिन्तोनियाच्या, माडीवरच्या खोल्या भरणार. बाकिझिओने मग त्या खुर्चीत बसून पाहुण्यांच्या साखळ्यांना तेल घालायचं, पंक्चरं काढायची. चढायचं नाही. पुन्हा कधीच नाही. उभं आयुष्य परक्यांना सार्डिनिया बेटाचे डोंगर दाखवण्यात गेलं होतं आणि आता त्याचे गुडघे जिना नुसता दिसला तरी कुरकुरायचे.

रस्ता नाकारण्यासारखा नव्हताच. खालून बोगद्याची सडक झाली आणि या घाटाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली. उरली ती बाटल्यांच्या बुचांसाठी साल काढलेली लाल झाडं, मेंढ्यांच्या घंटा आणि शिकाऱ्यांनी नेम धरून चाळणी केलेल्या पाट्या. दिवसाकाठी पाववाल्याची गाडी जायची, फार तर एखादा मेंढपाळ. वेर्लेच्या कंपनीची अटही एकच होती. चढ चालेल, ऊन चालेल, मोटारी चालणार नाहीत. तिने हँडलला एक छोटं मोजणीयंत्र बांधलं होतं. मोटार गेली की अंगठ्याने दाबायचं, टिक.

"आज तुमच्या अंगठ्याला सुट्टी," बाकिझिओ सकाळी निघताना म्हणाला होता.

चूक आदल्या दिवशी फोनवर झाली होती. "उद्या बाईंना घेऊन येतोय, रस्ता बघायला," एवढंच तो मिन्तोनियाला म्हणाला. पण मिन्तोनियाला काही सांगणं आणि चर्चची घंटा बडवणं सारखंच. घंटा निदान मध्ये थांबते.

तिसऱ्या वळणावर बोबोरेकाकांची जुनी हिरवी मोटार उभी होती. काकांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. पण पाहुणा येणार म्हणून त्यांनी मखमली कोट घातला होता.

"बाकिझिओ, हीच का रे ती?"

"हीच. काका, तुम्ही घरी जा बघू."

"घरी काय जा? पाणी आणलंय मी. आणि पाण्याने घसा बसला तर म्हणून हेही आणलंय." काकांनी सीटखालून काळ्या वाइनची बाटली काढली.

ओर्ताईत कुणी पुढे केलेला पेला नाकारला, तर तो अपमान पेलावाल्याच्या बापापर्यंत जाऊन पोचतो. दोघांनी उन्हात उभ्याउभ्या पेले रिकामे केले. वेर्लेने हसून आभार मानले आणि सायकलवर बसताना अंगठा दाबला. टिक.

पाचव्या वळणावर पोस्टमास्तरीण. तिच्यामागे औषधवाला, बायको आणि सासूसकट. मग छातीवर तिरंगी पट्टा लावलेले सरपंच. हे सगळे पुढे निघून गेले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण ते सायकलींच्या मागे, चारही दिवे लुकलुकवत, पायी चालल्यासारखे गाड्या हाकू लागले.

बाकिझिओ सरपंचांच्या गाडीच्या खिडकीशी जाऊन ओरडला, "अहो, काय चालवलंय काय?"

"बाईंना जपतोय," सरपंच म्हणाले. "मागून एखादी मोटार आली म्हणजे?"

टिक. टिक. टिक.

वर पोचले तेव्हा चौकात सायकल टेकवायला भिंत शिल्लक नव्हती. वेर्लेने यंत्रावरचा आकडा बघितला आणि कपाळाचा घाम पुसला.

"रस्ता देखणा आहे. पण एवढी वाहतूक? आमच्याकडे शहरातही नसते."

"बाई, ही वाहतूक नाही. हे तुम्हाला बघायला आलेत."

"असेलही. पण मला मोजलेलं लिहावं लागतं, तुम्ही सांगितलेलं नाही. उद्याचा दिवस हातात आहे. पलीकडचं खोरं बघते."

"उद्या हाच रस्ता पुन्हा मोजा," बाकिझिओ म्हणाला. तोंडातून शब्द गेला, तेव्हा गुडघ्यांना विचारायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी बाई माडीवर झोपायला गेल्यावर बारमध्ये गाव जमलं. बाकिझिओने हुकूम सोडला. उद्या रस्त्यावर मोटार नको, माणूस नको, पेला तर मुळीच नको.

"म्हणजे माझ्या दारावरून पाहुणी जाणार आणि मी आत बसून राहायचं?" बोबोरेकाका उसळले. "घरात मढं आहे का माझ्या?"

"एकच दिवस, काका."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे तुम्हीच. तुम्ही तर घरात असणार."

काकांनी मिशीचं टोक चावलं. "तुझा बाप मला मेंढ्या चोरायला न्यायचा," ते म्हणाले. "पण एवढं अवघड काम त्याने कधी सांगितलं नाही."

"आणि हे सगळं कुणामुळे?" बाकिझिओने बहिणीकडे बघितलं.

"मी फक्त पाववालीला सांगितलं," मिन्तोनिया पेले पुसत म्हणाली. "आणि तिला बजावलं होतं, कुणाला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे घाट उतरून खाली गेले आणि पुन्हा चढायला लागले. वारा नव्हता. दुसऱ्या वळणालाच बाकिझिओचा उजवा गुडघा बोलायला लागला, चौथ्याला डावा. पण मागून बाईंची सायकल येत होती, म्हणून तो पाठ ताठ ठेवून पायडल मारत राहिला. मध्येच तो शीळ घालायचा. शीळ घातली की धाप ऐकू जात नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त पाववाल्याची गाडी गेली. पाव गावाला लागतोच. पण एरवी स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून सलाम करणारा तो माणूस शिक्षा झाल्यासारखा समोर बघत निघून गेला. टिक. पुढे अंगठा हललाच नाही. गावात शिरले तर सगळ्या खिडक्यांची दारं लोटलेली. बोबोरेकाकांच्या खिडकीच्या फटीतून मिशीचं एक टोक तेवढं बाहेर आलं होतं.

बारमध्ये मिन्तोनियाने अनोळखी गिऱ्हाइकांना भरावेत तसे दोन पेले भरले. पापडासारखी पातळ भाकरी आणि मेंढीच्या दुधाचं चीज पुढे ठेवलं आणि तोंड मिटून उभी राहिली. असं उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"हीच ती शांतता," वेर्ले खुशीत म्हणाली. "रस्ता पक्का. माणसं जरा कोरडी वाटली आज, पण आमच्या लोकांना तेही आवडतं."

मिन्तोनियाचं फडकं टेबलावर जागच्या जागी थांबलं. बाकिझिओने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

वेर्लेने पाकीट काढलं. "किती झाले?"

"दिलेत."

"कुणी? इथे तर कुणीच नाहीये."

मिन्तोनियाने समोरच्या बंद खिडकीकडे हनुवटी वळवली. "आहेत. थोडेफार."

वेर्ले गोंधळून हसली, पाकीट मिटलं. "आणि बाकिझिओ, सगळे गट तुम्हीच आणायचे हं. मी म्हणणार होते एखादा तरुण वाटाड्या बघा, या वयात तुम्हाला झेपेल का. पण दोन दिवसांत दोनदा चढलात. तेही शीळ घालत!"

बाकिझिओने दारातून बाहेर बघितलं. पाहुणी आत बसलीये असं बघून बोबोरेकाका हळूच घराबाहेर पडले होते आणि तुतीखालच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. कठीण दिवस काढलेल्या माणसासारखे.

मिन्तोनियाच्या खोल्या भरणार होत्या. बाईंच्या नकाशावर रेघ पडली होती. वाइनचे पैसे काकांनी दिले. आणि उरलेलं सगळं बिल, या वसंताचं आणि पुढच्या वसंतांचंही, बाकिझिओच्या गुडघ्यांनी भरायचं होतं.