माश्या वाढल्या

मंजिरीच्या टोकाचं ते जांभळट फूल, तांदळाच्या कणीएवढं, आणि त्यावर कुणीच नाही... राजसीने नाक जवळ नेलं तर तुळशीच्या आधी दुसराच वास आला, सडक्या कोबीसारखा. मोरिवलीत राहणाऱ्यांच्या ओळखीचा, बाबांच्या केमिकल कंपनीचा, एरवी उन्हं चढली की विरणारा. आज मात्र दुपार झाली तरी अंगणात ठाण मांडून बसलेला.

शाळेच्या प्रकल्पातला मोजायचा नियम तिला पाठ होता: मधमाशी नुसती पाकळीवर टेकली तर धरायची नाही, परागाला शिवली तरच मोजायची. गेल्या रविवारी इतक्या शिवत होत्या की बोटं पुरेनात, आणि सोमवारी वर्गात उभं राहून तिने — हजेरीलाही पुटपुटणाऱ्या राजसीने — सगळं घडाघडा सांगितलं. रंजना मॅडम म्हणाल्या, आता दर आठवड्याला तूच सांगायचं. केवढी हवेत होती ती... आणि आज कुंडीच्या काठावर एकच माशी, आडवी, पाय पोटाशी घेतलेली.

"आई, माश्या संपल्या."

"तुळशीपाशी उभी राहून संपल्या काय म्हणतेस?" मालिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "वाढल्या म्हणावं."

वाढल्या. बांगडी फुटली की वाढली, मंगळसूत्र तुटलं की वाढलं, डब्यातले तांदूळसुद्धा संपत नाहीत, वाढतात. तिला हसू आलं, आणि त्याच तोऱ्यात तिने मॅडमना मेसेज टाकला — आमच्या तुळशीवरच्या माश्या वाढल्या.

"शाब्बास," मॅडमचं उत्तर लगेच आलं. "कंपनीला लागून घर, तरी वाढल्या. बाबांनाही सांग."

नाही मॅडम, एकही नाही... तिने टाइप केलं आणि अंगठा थांबला. एकही नाही, असं लिहिलं की ते खरंच होणार होतं. मग या वासाचं काय, आणि वासाच्या मुळाशी पहाटेपासून उभ्या असलेल्या बाबांचं काय? निघताना बूट चढवत ते म्हणाले होते, "एक वॉल्व्ह रुसलाय, जावयासारखा. समजूत काढून येतो." तेव्हा सगळे हसले होते. तिने अक्षरं पुसली.

फोन हातातच वाजला.

"राजू, तुम्ही जेवून घ्या गं." बाबांचा आवाज, मध्येच खोकला, मागे कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. "माझी ड्यूटी वाढलीय आज."

"वाढली म्हणजे?"

"वाढली म्हणजे वाढली. मराठी येतं ना तुला?" ते हसले, हसता हसता पुन्हा खोकला, आणि फोन बंद.

"काय म्हणाले गं?" आईने विचारलं. भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

बाबांचाच शब्द तोंडाशी आला होता, साधा, रोजचा. राजसीने ओठ मिटून घेतले. तो जिभेवर नुसता टेकला होता — अजून टेकलाच होता, शिवला नव्हता... शिवला तरच मोजायचा.

"उशीर होईल म्हणाले," ती म्हणाली, आणि वारा नसताना हललेल्या मंजिरीकडे बघत राहिली.