मुक्कामी गाडी

"खुशालकाका आंगोळीले बसले हायेत. गाडी थांबवजो म्हणे." बुधाजीनं बोनेटवर हात ठेवून निरोप दिला. बुधाजी हा खुशालराव पाटलांचा सालदार. मालकाचा निरोप सांगताना त्याच्याही आवाजात पाटीलकी यायची.

नत्थुजी ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला होता. "काल बी आंगोळ, आज बी आंगोळ. गाडी सहाची हाये हे त्याइले ठाऊक नाई का?"

"गाडी आपल्या गावची होय ना गा."

"गाडी सरकारची होय. हात काढ."

बुधाजीनं हात काढला नाही. गाडीतली माणसंही नत्थुजीवरच उखडली. सुंदराबाईला लेकीकडे जायची घाई होती, तरी ती मागून म्हणाली, "थांब ना रे बाप्पा. मोठं माणूस हाये. तुही का रेल चुकून राह्यली?"

नत्थुजीनं भोंगा दाबून धरला. बुधाजी उडी मारून बाजूला झाला. तेवढ्यात ओलं धोतर सावरत खुशालराव चौकात आले, आणि गाडीनं टाकळखेडची मऊ काळी धूळ त्यांच्या अंगावर मनसोक्त उडवली. मागून शिव्या आल्या. आवाज ओळखीचे होते, म्हणून त्या जास्त लागल्या.

खरं म्हणजे नत्थुजी आधी धारणीच्या घाटात सुखात होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, पावसाळ्यात वरून दगड सुटायचे. अशा रस्त्यानं भरली गाडी न्यायची आणि वेळेवर परत आणायची, यात नत्थुजीला जे सुख मिळे ते जेवणातही मिळत नव्हतं. कोरकू बाया कोंबड्या काखेत मारून चढायच्या आणि त्याच्या मागच्या बाकावर खुशाल झोपून जायच्या. आपल्या भरवशावर माणसं झोपतात याचा त्याला गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. पण संध्याकाळी खोलीवर एकट्यानं स्टोव्ह पेटवला की गाव आठवे. पऱ्हाटीचा कापूस फुटून पांढरं झालेलं शिवार, पारावरच्या गप्पा, बायकोच्या, सुभद्राच्या हातची ज्वारीची भाकर. डोळे भरून यायचे. बासष्ट साली टाकळखेडला मुक्कामी गाडी सुरू झाली, तेव्हा वरच्यांच्या हातापाया पडून त्यानं तिच्यावर बदली मागून घेतली. रात्री गाडी पाराजवळ लावायची, घरी जेवायचं, घरी झोपायचं, सकाळी निघायचं. नोकरदाराला आणखी काय हवं असतं?

गावाला मात्र वाटलं, नत्थू आला म्हणजे गाडी आपल्या गोठ्यात बांधली गेली. कोणी आपल्या वावरासमोर हात दाखवी, कोणी म्हणे म्हशीले कडबा टाकून आलोच. रस्ता सपाट आणि सरळ, चालवता चालवता डुलकी यावी असा. त्यावर वेळ पाळणं एवढीच नत्थुजीच्या हाताला शिल्लक राहिलेली करामत होती, आणि गावाला नेमकी तीच नको होती.

धूळ अंगावर पडल्यावर खुशालरावांनी नत्थुजीला बोट लावलं नाही. त्यांनी त्याच्या बायकोला गाठलं. निंदणाच्या टोळीत सुभद्राला बोलावणं बंद झालं. विहिरीवर बाया तिला पाहून घागरी उचलू लागल्या. एका संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढे ताट आदळलं.

"तुमी धारणीत होते तवा मी एकटी होती. पण शेजारची केशरबाई रोज येऊन बसे. आता तुमी आले, अन् दारात कुत्रं फिरकत नाई."

"मंग मी का करू? पाटलाची आंगोळ होईस्तोवर भोंगा वाजवत बसू?"

"बसा ना. का बिघडते?"

"माह्यं काम बिघडते."

"अन् माह्यं गाव? तुमच्याबिगर इतके वर्सं काढले मी, ते गावाच्या आधारानं. आता तुमी हाये, अन् गाव गेलं."

नत्थुजी उपाशीच उठून पारावर गेला. तिथली माणसं एक एक करून बूड झाडत घरी गेली. राहिला तो, आणि त्याची गाडी.

पुढच्याच आठवड्यात डेपोतले साहेब म्हणाले, "घाटातला ड्रायव्हर आजारी पडलाय. जाता का परत? आजच सांगा." नत्थुजी बाहेरच्या बाकावर बसून विचार करू लागला. थांबत थांबत गाडी चालवावी तर तो ड्रायव्हर उरत नव्हता, आणि न थांबता चालवावी तर टाकळखेडचा माणूस उरत नव्हता. कोणतंही एक सोडताना जीव तुटत होता. गावानंच आपल्याला या फाट्यावर आणून उभं केलं म्हणून त्याला गावाची भयंकर चीड आली. त्या चिडीतच तो 'जातो' म्हणाला.

"मी नाई येत," सुभद्रा म्हणाली.

"नको येऊ."

दिवाळीला तो सुटीवर निघाला. नांदगाव खंडेश्वरच्या स्टँडवर टाकळखेडची मुक्कामी गाडी लागलेलीच होती. नवा ड्रायव्हर पुंजाजी अकोल्याकडचा, हात दाखवील त्याच्यासाठी थांबणारा. नत्थुजी अंग चोरून चढला. पण सुंदराबाईनं सरकून जागा दिली.

"कवा निघाला होता गा? वाळला रे पुरा."

केशरबाईनं ओंजळभर शेंगा दिल्या. खुशालरावांनी स्वतः पान लावून पुढे केलं. धुळीचं नाव कोणी काढलं नाही. हेच तर पाहिजे होतं त्याला, मग तेव्हा काहून दिलं नाही?

अर्ध्या वाटेत गाडी थांबली. बुधाजी मालकाच्या वावरात वांगी तोडायला उतरला होता. पुंजाजीनं चाकावर डोकं टेकून डोळे मिटले. दिवस बुडत आला. नत्थुजीचा उजवा पाय, अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा, आपोआप खालची फळी दाबू लागला. शेवटी त्याला राहवेना.

"गाडी हाणा ना आता. किती टाइम झाला."

"तू गप बस," खुशालराव म्हणाले. "तू आता पाशिंजर होय."

सारी गाडी हसली. नत्थुजीलाही हसू आलं, आणि आपण हसलो याचा त्याला मरणाचा राग आला.